विटेवरच्या देवाविषयी : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

आषाढीच्या अंकात आम्ही पंढरपूरच्या विठ्ठलमूर्तीचे वर्णन छापले होते. ते वाचून पुष्कळ पत्रे आली. बहुतेक पत्रांचा सूर एकच होता : ज्या देवाला आपण लहानपणापासून हात जोडतो, त्याच्या रूपातल्या एकेका खुणेचा अर्थ काय आणि तिच्यामागची कथा कोणती? उत्तरे देताना दगडावर काय दिसते, शिलालेखांत काय सापडते आणि परंपरा त्याचा अर्थ काय लावते, या तीन गोष्टी वेगळ्या ठेवण्याचा प्रयत्न केला आहे, कारण त्या एकमेकींत मिसळल्या की कथेचेही मोल कमी होते आणि इतिहासाचेही.

प्रश्न : विष्णूच्या इतर मूर्तींच्या हातांत शंख, चक्र, गदा आणि पद्म असते. विठ्ठल मात्र कमरेवर हात ठेवून नुसता उभा आहे. त्याचे हात रिकामे आहेत का, आणि ते कमरेवरच का? (एक वाचक, बार्शी)

हात रिकामे नाहीत. पोशाख चढवलेल्या मूर्तीत ते कळत नाही, पण पहाटेच्या पूजेच्या वेळी वस्त्रे उतरवलेली असताना पाहिले तर डाव्या हातात शंख आणि उजव्या हातात कमळाचा देठ दिसतो. म्हणजे विष्णूच्या चार आयुधांपैकी दोन येथे आहेत, आणि जी दोन नाहीत ती नेमकी मारणारी आहेत. चक्र नाही आणि गदाही नाही. हात चार नसून माणसासारखे दोनच आहेत. संतांनी या देवाला दशावतारांतला नववा, बौद्ध अवतार म्हटले, त्यामागे हे शस्त्र खाली ठेवलेले रूप आहे असे आम्हांला वाटते. जुन्या छापील पंचांगांच्या मुखपृष्ठांवरही नवव्या अवताराच्या जागी विठ्ठल-रुक्मिणीचे चित्र आढळते.

आता कमरेविषयी. आद्य शंकराचार्यांच्या नावाने प्रसिद्ध असलेल्या पांडुरंगाष्टकात याचे फार सुंदर उत्तर आहे. माझ्या भक्तांसाठी भवसागराचे पाणी एवढेच खोल आहे, हे दाखवण्यासाठी देवाने कमरेवर हात ठेवले आहेत, असा त्या श्लोकाचा आशय आहे. हे वाचताना आम्हांला नेहमी नदीकाठचा प्रसंग आठवतो. पावसाळ्यात ओढ्याला पाणी आले की अलीकडच्या काठावर बायका-मुले थबकतात, आणि पलीकडे पोहोचलेला माणूस तेथूनच कमरेला हात लावून दाखवतो, की पाणी एवढेच आहे, या. ज्याने भीमेकाठी उभे राहून हा अर्थ प्रथम ऐकला असेल, त्याला तो वेगळा समजावून सांगावा लागला नसेल.

याच मुद्रेचा दुसराही एक अर्थ आहे आणि तो अभ्यासकांनी लावला आहे. मूर्तीच्या दोन पायांच्या मध्ये गुराख्याच्या काठीसारखी खूण दिसते, तिच्याकडे त्यांनी लक्ष वेधले. डॉ. रा. चिं. ढेरे यांनी विठ्ठलाचे मूळ गवळी-धनगरांच्या देवात शोधले आणि धनगरांच्या विठ्ठल-बिरदेव या जोडदेवांशी त्याचा संबंध जोडला. कोल्हापूर जिल्ह्यातील पट्टणकोडोलीला विठ्ठल-बिरदेवाच्या यात्रेत आजही भंडाऱ्याची उधळण होते आणि सारा परिसर पिवळाधमक होतो. गुरे चरत असताना कमरेवर हात ठेवून त्यांच्यावर नजर ठेवणारा गोपाळ आणि भवसागराची खोली दाखवणारा श्रीहरी, या दोन्ही अर्थांत आम्हांला विरोध दिसत नाही. दोन्हींकडे राखण करणाराच उभा आहे.

प्रश्न : शाळेत पुंडलिकाची कथा सांगितली की मुले विचारतात, देवाला वीट फेकून मारणे हा अपमान नाही का? त्यांना काय सांगावे? (एक शिक्षिका, नाशिक)

पहिली गोष्ट म्हणजे पुंडलिकाने वीट फेकून मारली नाही. त्याने ती देवाकडे सरकवली, आणि पाहुण्याला पाट द्यावा तशी दिली. घरात आलेल्याला उभे राहायला कोरडी जागा द्यावी आणि हातातले काम संपेपर्यंत थांबायला सांगावे, एवढाच तिचा अर्थ आहे. पण मुलांना वीट समजावी यासाठी आधीची कथा सांगितली पाहिजे, आणि ती बहुधा वगळली जाते.

हा पुंडलिक प्रथम आईवडिलांना छळणारा होता. काशीयात्रेला निघाला तेव्हा बायकोला खांद्यावर घेतले आणि म्हाताऱ्यांना पायी चालवले. वाटेत कुक्कुटस्वामींच्या आश्रमात रात्रीचा मुक्काम पडला. पहाटे त्याने पाहिले की मळलेल्या वस्त्रांतल्या तीन स्त्रिया आल्या, त्यांनी आश्रम झाडला, सडासंमार्जन केले, आणि काम संपताच त्या तेजस्वी होऊन निघाल्या. त्या गंगा, यमुना आणि सरस्वती होत्या. लोकांची पापे धुऊन त्या मळत आणि मातापित्यांची सेवा करणाऱ्या ऋषींच्या अंगणात झाडलोट करून शुद्ध होत. ज्या तीर्थासाठी आपण आईवडिलांना फरफटवत नेत आहोत, ते तीर्थच येथे केर काढायला येते, हे पाहून पुंडलिक परत फिरला.

पुढे श्रीकृष्ण दारात आला तेव्हा पुंडलिक आईवडिलांचे पाय चेपत होता. तो उठला नाही. देवानेही रागावून परत जाणे पसंत केले नाही, वर मागायला सांगितले, आणि पुंडलिकाने देवाने येथेच उभे राहावे हा वर मागितला. म्हणून वारकरी घोष करतात तेव्हा ‘पुंडलिकवरदे’ आधी म्हणतात आणि ‘हरि विठ्ठल’ नंतर. पंढरीत चंद्रभागेचे स्नान, मग वाळवंटातल्या पुंडलिकाचे दर्शन आणि त्यानंतर विठ्ठल, असाच क्रम परंपरेने चालत आला आहे. त्या पुंडलिकाच्या मंदिरात शिवलिंग असून त्यावर मुखवटा चढवलेला असतो आणि पूजेचा मान महादेव कोळी समाजाकडे आहे. पुंडलिक ही व्यक्ती नसून मूळचे ते पुंडरीकेश्वर नावाचे शिवस्थान असावे, असे काही अभ्यासक म्हणतात ते या लिंगामुळेच. मुलांना एवढे सांगण्याची गरज नाही. देवाला थांबायला सांगता येते, आणि तो थांबतो, ही गोष्ट त्यांना पुरेशी आहे.

प्रश्न : आरतीतल्या ‘युगे अठ्ठावीस’ या शब्दांचा हिशेब कसा लावायचा? युगे तर चारच आहेत. (एक वाचक, बडोदे)

कोणत्याही पूजेच्या आरंभी गुरुजी जो संकल्प सांगतात, तो लक्ष देऊन ऐकावा. त्यात वैवस्वत मन्वंतर, अठ्ठाविसावे युगचतुष्टय, कलियुग, प्रथम चरण असा काळाचा पत्ता असतो. कृत, त्रेता, द्वापर आणि कली मिळून एक चौकडी होते. चालू मन्वंतरातल्या अशा सत्तावीस चौकड्या होऊन गेल्या आणि आपण अठ्ठाविसावीत आहोत. या मन्वंतराच्या आरंभापासून आजपर्यंत देव उभा आहे, असा त्या शब्दांचा सरळ अर्थ होतो. कीर्तनकार आणखी एक मेळ सांगतात : चार वेद, सहा शास्त्रे आणि अठरा पुराणे मिळून अठ्ठावीस. वेद, शास्त्रे आणि पुराणे ज्याचे वर्णन करून थकली तो हा, असे ते सांगतात. पहिला अर्थ काळाच्या गणिताला धरून आहे, दुसरा कीर्तनाच्या रंगात शोभतो.

प्रश्न : विठ्ठल सावळा आहे. मग त्याला पांडुरंग, म्हणजे पांढऱ्या रंगाचा, का म्हणतात? (एक वाचिका, बेळगाव)

या प्रश्नाचे उत्तर आपल्या भागाशी जोडलेले आहे. इ. स. १२३७ च्या होयसळ राजा सोमेश्वराच्या लेखात भीमरथीच्या, म्हणजे भीमेच्या, काठचे हे गाव ‘पंडरगे’ या नावाने येते. हे नाव कन्नड वळणाचे आहे, आणि त्याचेच संस्कृत रूप करताना पांडुरंग हा शब्द झाला असावा, असे विद्वानांचे मत आहे. म्हणजे देवाचे नाव गावावरून पडले. विठ्ठल हे नावदेखील विष्णू या शब्दाच्या कन्नड रूपांशी नाते सांगते. होयसळ राजा विष्णुवर्धन याचे बिट्टिदेव हे नाव त्याचेच उदाहरण आहे. ज्ञानेश्वरांनी विठ्ठलाला ‘कानडा’ म्हटले, त्यात अगम्य हा अर्थ आहेच, पण सीमेच्या अलीकडे-पलीकडे राहणाऱ्या आपल्यासारख्यांना त्यातला दुसरा अर्थही जवळचा वाटतो.

तरी ‘पांडुरंग’ या शब्दातला पांढरा रंग वारकऱ्यांनी वाया जाऊ दिला नाही. पांढरा रंग कर्पूरगौर शिवाचा, आणि जैन पंडित हेमचंद्राने आपल्या देशी शब्दांच्या कोशात या नावाशी जुळणाऱ्या शब्दाचा अर्थ रुद्र असाच दिला आहे. विठ्ठलाच्या मस्तकावरच्या उंच टोपीसारख्या मुकुटाला परंपरा शिवलिंग मानते. विष्णूने शिवाला डोक्यावर घेतले, म्हणून वारकरी एकादशीबरोबर सोमवारही पाळतो.

या एकरूपतेची कथा नरहरी सोनारांची आहे. ते पंढरपुरातच राहत, पण शिवाशिवाय कोणाचे तोंड पाहायचे नाही असा त्यांचा नेम होता. एका सावकाराने विठ्ठलासाठी सोन्याची साखळी करायला दिली, ती आधी आखूड झाली, मग सैल झाली. शेवटी माप घ्यायला ते डोळ्यांवर पट्टी बांधून गाभाऱ्यात गेले. हाताने चाचपले तर कमरेला व्याघ्रचर्म आणि गळ्यात नाग लागले. घाईने पट्टी सोडली तर समोर विठ्ठल उभा. पुन्हा पट्टी बांधली तर पुन्हा शंकर. सोनाराचा हात मापाला चुकत नाही, म्हणून ही कथा सोनाराचीच असावी लागली. डोळ्यांनी जो भेद पाहिला होता, तो बोटांना सापडला नाही.

प्रश्न : रुक्मिणीमातेचे मंदिर वेगळे का? देव-देवी शेजारी का नाहीत? (एक वाचिका, ठाणे)

माता रुसली आहे, एवढे उत्तर पंढरीतले लहान मूलही देते. द्वारकेत श्रीकृष्णाच्या मांडीवर राधेला बसलेली पाहून रुक्मिणी रागाने निघाली आणि भीमेकाठच्या दिंडीरवनात येऊन राहिली. तिला शोधत देव गोपवेषात आला, गाई-गोपाळांना आज जेथे गोपाळपूर आहे तेथे ठेवले, आणि रुक्मिणीची समजूत काढायला निघाला असताना वाटेत पुंडलिकाचे घर लागले. कथा अशी आहे की देव पत्नीसाठी आला आणि भक्तासाठी थांबला. रुक्मिणीचे मंदिर विठ्ठलाच्या गाभाऱ्याच्या मागच्या अंगाला, त्याच आवारात आहे, इतके जवळ आणि तरी वेगळे. आषाढी पौर्णिमेला वारकरी गोपाळपूरला काला करून परततात, ते या कथेतल्या गोपाळांच्या जागी जाऊन येतात.

प्रश्न : हंपीचे विठ्ठलमंदिर पाहिले. तेथे मूर्ती नाही. ती पंढरपूरला आणली हे खरे आहे का? (एक वाचक, बंगळूर)

परंपरा सांगते की विजयनगरच्या राजाने मूर्ती आपल्या राजधानीत नेली आणि संत एकनाथांचे पणजोबा भानुदास यांनी ती परत आणली. देवाने भानुदासांच्या गळ्यात आपला हार घातला, चोरीचा आळ येऊन त्यांना सुळावर देण्याची शिक्षा झाली, आणि त्या सुळाच्या लाकडाला पालवी फुटली. हंपीचा गाभारा रिकामा आहे, हे आपण स्वतः पाहिलेच आहे. पुढे परचक्राच्या काळातही मूर्ती पंढरपुराबाहेर हलवावी लागल्याच्या कथा आहेत. त्यांतल्या एका कथेशी जोडलेल्या, सोलापूर जिल्ह्यातील माढे येथील विठ्ठलमूर्तीच्या छातीवर मंत्राक्षरे कोरलेली आहेत, आणि पुराणातल्या वर्णनाशी ती जुळतात, या कारणाने डॉ. ढेरे यांनी तीच आद्यमूर्ती असल्याचे मांडले. त्यावर मोठा वाद झाला. मूर्ती कोणतीही मानली, तरी देवस्थानाची प्राचीनता त्यावर अवलंबून नाही. मंदिरातला चौऱ्यांशीचा शिलालेख शके ११९५ ते ११९९ या काळातल्या देणग्यांची नोंद देतो आणि त्यात देवगिरीच्या रामचंद्रदेव यादवाचा उल्लेख पंढरीच्या फडाचा प्रमुख असा आहे. त्या दगडाला पाठ घासली की चौऱ्यांशी लक्ष योनींचा फेरा चुकतो, अशा श्रद्धेने पिढ्यान् पिढ्या लोकांनी पाठी घासल्या. ज्यांना अक्षरे वाचता येत नव्हती, त्यांनी तो लेख असा वाचला.

प्रश्न : चोखोबांची समाधी मंदिराबाहेर आणि नामदेवांची पायरीत का? देवाच्या पायांवर सगळ्यांना डोके ठेवता येते, मग हे बाहेर का? (एक वाचक, नागपूर)

नामदेवांनी संतांच्या चरणांची धूळ माथ्यावर पडावी म्हणून महाद्वाराची पायरी मागून घेतली. ती जागा त्यांनी निवडली होती. चोखोबांना मात्र पायरीच्या पुढे जाऊ दिले जात नव्हते. हा फरक आपण स्वच्छ शब्दांत सांगितला पाहिजे. मंगळवेढ्याला गावकुसाचे काम करत असताना भिंत कोसळून, शके १२६०, म्हणजे इ. स. १३३८ मध्ये, ते इतर मजुरांबरोबर गेले. अस्थी कोणाच्या कोणत्या हे कळेना, तेव्हा नामदेवांनी एकेक हाड कानाशी नेले आणि ज्यातून विठ्ठलनाम ऐकू आले ते चोखोबांचे म्हणून पंढरीला आणले. समाधी महाद्वारासमोर झाली. देव चोखोबांच्या घरी जेवायला गेला, त्यांच्याबरोबर मेलेली गुरे ओढली, अशा कथा संतांनीच सांगितल्या, आणि तरी दार उघडले नाही. ते उघडण्यासाठी साने गुरुजींना मे १९४७ मध्ये पंढरपुरात तनपुरे महाराजांच्या मठात उपोषण करावे लागले. आज आपण ज्या पदस्पर्शदर्शनाचा उल्लेख करता, ते सर्वांना मिळू लागले त्याला अजून शंभर वर्षेही झालेली नाहीत. पायांवर डोके टेकवण्याचा तो क्षण अगदी थोडा असतो. दगड गार लागतो, तुळशीचा आणि बुक्क्याचा वास येतो आणि मागून रेटा येतो. चोखोबांना तेवढाही क्षण मिळाला नव्हता, हे तेथे उभे असताना आम्हांला विसरता येत नाही.

प्रश्न : आषाढीत देव झोपत नाही असे आजी सांगत असे. हे प्रतीक आहे की खरोखर तसे काही करतात? (एक वाचिका, पुणे)

आपल्या आजींनी सांगितले ते अक्षरशः खरे आहे. यात्रेच्या काही दिवस आधी शुभ दिवस पाहून देवाचा पलंग शेजघरातून काढतात. त्यानंतर शेजारतीसारखे उपचार थांबतात आणि मंदिर दर्शनासाठी रात्रंदिवस उघडे राहते. उभ्या देवाला टेकायला म्हणून विठ्ठलाच्या पाठीशी मऊ लोड आणि रुक्मिणीमातेच्या पाठीशी तक्क्या देतात. एरवी याच देवाची दिवसाची चर्या अगदी घरातल्या माणसासारखी असते : पहाटे काकडा, मग स्नान, पोशाख, नैवेद्य आणि रात्री शेज. उन्हाळ्यात गुढीपाडव्यापासून मृग लागेपर्यंत त्याच्या अंगाला चंदनाची उटी लावतात. मार्गशीर्षात तो गाव सोडून नदीपात्रातल्या विष्णुपदावर राहायला जातो, असे मानतात, आणि त्या महिन्यात पंढरपूरकर डबे घेऊन तेथे वनभोजनाला जातात.

यात्रा सरली, पालख्या परतीच्या वाटेला लागल्या, की प्रक्षाळपूजा होते. मंदिर धुऊन काढतात. देवाला ऊन पाण्याने स्नान घालतात आणि लक्षावधी माथ्यांच्या स्पर्शाने शिणलेल्या पायांना लिंबू आणि साखर चोळतात. त्या दिवशी पलंग पुन्हा शेजघरात येतो. रात्री, शेजारतीच्या वेळी, सुंठ-मिऱ्यासारखे औषधी जिन्नस उकळून केलेला काढा देवाला दाखवतात, कारण इतके दिवस जागरण झाले आहे, अंग दुखत असेल. मग दार लावून घेतात.